कॅनडात न वाजलेला कॅनडाचा बँड

आमचा एक कॅनेडियन रॉक बँड आहे. ड्रमवर साताऱ्याकडचा क्रेन ऑपरेटर, गाणारी फिलिपिन्सची नर्स, गिटारवर केरळचा दाताचा डॉक्टर आणि साउंडला मी, वेंगुर्ल्याचा माईकवाला. यात कॅनडा कुठे आला, असं तुम्ही विचाराल. विचारा. आम्हालाही सगळे तेच विचारतात.

दिवाळी अंकात लिहिणारी माणसं बहुधा साहेब असतात. त्यांची कारकीर्द असते, बढत्या असतात. माझी कारकीर्द म्हणजे वायरी पसरणे आणि वायरी गुंडाळणे. दोहात आल्यापासून एकाच इव्हेंट कंपनीत आहे, बढती म्हणाल तर आधी मी वायरी गुंडाळायचो, आता गुंडाळणाऱ्यांवर ओरडतो. कोपरावर वायर गुंडाळणारा माणूस दिसला की माझं डोकं सणकतं, कारण तशी वायर आतून पिळवटते आणि ऐन कार्यक्रमात दगा देते. बायको म्हणते, तुम्ही माणसांपेक्षा वायरींना जास्त जपता. वायरी उलट बोलत नाहीत.

साउंडवाल्याचं काम लोकांना कळत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. स्टेजवरचं प्रत्येक वाद्य आणि प्रत्येक गळा वायरीने माझ्या मिक्सरपर्यंत येतो. कोणाला वर आणायचं, कोणाला दाबायचं, ते मी ठरवतो. लोकांकडे तोंड केलेले स्पीकर लोकांसाठी असतात, आणि वाजवणाऱ्यांच्या पायाशी त्यांच्याकडे तोंड करून ठेवलेला असतो त्याला मॉनिटर म्हणतात. त्यातून त्यांना एकमेकांचं ऐकू येतं. ऐकू आलं नाही तर प्रत्येकजण आपापल्या गावाला जातो. कार्यक्रम चांगला झाला तर गायक ग्रेट, आणि माईकने शिट्टी मारली की हजार माना वळून माझ्याकडे बघतात. या धंद्यात कौतुक म्हणजे कुणी मागे वळून न बघणं.

मी शिकलो दशावतारात. आमच्याकडे जत्रेत राजा 'कोण आहे रे तिकडे' म्हणाला, की ते निदान चारदा ऐकू आलं पाहिजे. एको कमी पडला तर लोक म्हणतात, यंदाचा राजा गरीब दिसतोय. त्यामुळे एको ही माझी जुनी खोड आहे. दोहात महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवातही मी एको देतो. एक सेक्रेटरी होते, त्यांच्या हातात माईक गेला की तो काढून घ्यायला तिघे लागायचे. त्यांना मी एवढा एको दिला, की त्यांचं 'प्रास्ताविक' संपलं तरी ते चालूच होतं. शेवटी तेच कंटाळून खाली बसले.

तर अशा माणसाकडे ग्लेन आला.

ग्लेन दोहापासून तासाभरावरच्या दुखानच्या तेल कंपनीत पंपांचा इंजिनियर. लालबुंद चेहरा, बारा महिने हाफ पँट, आणि हातात बेस गिटार, म्हणजे जाड चार तारांची, खालच्या सुरात घुमणारी. त्याच्यासारखेच तिकडच्या टाउनशिपमध्ये राहणारे आणखी तीन कॅनेडियन जमवून त्याने बँड काढला होता. नाव 'द स्नो शव्हल्स'. म्हणजे बर्फ उपसायची फावडी. कतारमध्ये! मी विचारलं, "साहेब, इथे फावड्याने काय उपसणार? वाळू?" तर तो म्हणाला, "मो, त्याच्यामागे माझी आई आहे." मोहनचा त्याने पहिल्याच भेटीत 'मो' केला.

गोष्ट अशी. ग्लेनचं गाव कॅनडाच्या अगदी पूर्वेला, समुद्रकाठी, मासेमारीचं. सोळा-सतरा वर्षांचा असताना त्याच्याकडे गिटार होती. एका सकाळी दारात कंबरभर बर्फ पडलेला, आईने सांगितलं उपस, आणि हा वरच्या खोलीत वाजवत बसला. आई स्वतः उपसायला गेली आणि घसरून पडली. दुसऱ्या आठवड्यात तिने गिटार चर्चच्या बाजारात विकली आणि आलेल्या पैशांतून नवं फावडं आणून त्याच्या खोलीच्या दाराला टेकवून ठेवलं. एक शब्द बोलली नाही. ग्लेन इंजिनियर झाला. मी म्हटलं, तुझी आई आमच्या वेंगुर्ल्यात शोभली असती.

त्यांचा पहिला कार्यक्रम दुखानच्या क्लबात, कंपनीच्या फॅमिली डेला. आमची वेळ पोत्यांची शर्यत आणि बिर्याणी यांच्या मधली. डेबी नावाची कॅनेडियन शिक्षिका गायची. मी सवयीने तिला राजाचा एको दिला. पहिल्या ओळीला ती दचकली, दुसऱ्या ओळीला गाणं थांबवून मागे वळली आणि माईकवरच म्हणाली, "माझ्या मागे कोण गातंय?"

सगळा क्लब हसला. ग्लेन तर गुडघ्यावर हात ठेवून हसत होता. डेबी मात्र दोन महिने माझ्याशी फक्त हाय-बाय. पण कार्यक्रम संपल्यावर ग्लेन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "तो एको थोडासा ठेव. बऱ्याच वर्षांनी मला मोठ्या हॉलमध्ये वाजवल्यासारखं वाटलं." तेव्हापासून मी त्यांचा कायमचा माणूस झालो. कंपनीचं काम नसेल त्या शुक्रवारी मी गाडी काढून दुखान रोडला लागायचो. दोहात फरीज बिन ओमरान भागातले माझे रूमपार्टनर विचारायचे, तिकडे काय मिळतं? मी म्हणायचो, फुकटचा ऑम्लेट-पाव आणि शिव्या द्यायला गोरे लोक.

आता बँडची माणसं कशी बदलली ते ऐका. बाकी जगात म्हणे बँड भांडणाने फुटतात. कुणाची बायको मध्ये येते, कुणाचं नाव मोठं होतं. आखातात तेवढी चैन नाही. इथे माणूस जातो तो कॉन्ट्रॅक्ट संपलं म्हणून. भांडायला मन तयार व्हावं, तेवढ्यात समोरच्याची बॅग भरलेली असते. दर जूनमध्ये दोहाच्या बिन महमूद भागातल्या एकाच हॉटेलात निरोपाचा केक कापायचा, त्यावर नाव तेवढं बदलायचं. रमझानमध्ये गाणीबजावणी बंद, तेव्हा नवा माणूस शोधायचा. ईद झाली की तालीम सुरू.

पहिला ड्रमर शाळामास्तर होता, तो दुसऱ्या देशातल्या शाळेत गेला. दुसऱ्याने दोहाचा पहिला ऑगस्ट बघितला आणि सप्टेंबरला तो नव्हताच. गिटारवाला निवृत्त झाला, त्याच्या जागी बिनॉय आला, दातांचा डॉक्टर. पेशंटच्या तोंडात हात घालतानाही सूर गुणगुणतो म्हणतात. डेबी गेली तेव्हा मला मिठी मारून म्हणाली, "यापुढे माझ्यामागे कोणी गाणार नाही रे," आणि रडली. मीही रडलो. मग रोझली आली. मोठ्या इस्पितळातली नर्स, फिलिपिनो, अंगाने काडी आणि आवाज असा की मी मिक्सरवरचं बटण आधीच खाली घेऊन ठेवतो. मला 'कुया मो' म्हणते. कुया म्हणजे त्यांच्यात मोठा भाऊ.

आणि ड्रमवर धनंजय. हे पाप माझं. धना साताऱ्याकडचा, सनायात, म्हणजे आमच्या इंडस्ट्रियल एरियात, क्रेन चालवतो. गावाकडे बँजो पार्टीत ड्रम वाजवायचा, लग्नाच्या वराती गाजवलेला गडी. ड्रमर मिळेना तेव्हा मीच त्याला दुखानला नेला. ग्लेनने एक संथ, उदास गाणं काढलं. आई, गाव, धुकं, असलं काहीतरी. धनाने चार ठोक्यांत त्या धुक्याला घोड्यावर बसवलं. ग्लेन थांबला.

"मो, कुणाचं लग्न आहे?"

मी धनाला म्हटलं, "अरे हळू! माणूस दुःखात आहे."

"मग तर हलवायलाच पाहिजे की काका," धना म्हणाला. "असं गपगार बसून दुःख जातंय व्हय?"

मी ते ग्लेनला इंग्रजीत सांगितलं. ग्लेनने विचार केला आणि म्हणाला, "पुन्हा वाजव." तेव्हापासून धना पुढे पळणार, ग्लेन बेसवर त्याला मागे ओढणार, आणि गाणं त्या दोघांच्या मध्ये. धनाला इंग्रजी येत नाही, ग्लेनला मराठी येत नाही. दोघांचं सगळं बोलणं तीन शब्दांत चालायचं: यल्ला म्हणजे चला, खलास म्हणजे संपलं, आणि चाय. बँडच्या नावाचा अर्थ कळल्यावर मात्र धनाने कपाळाला हात लावला. "फावडं हातात धरायला नको म्हणून क्रेन शिकलो काका, आणि इथं येऊन परत फावडंच?"

गंमत म्हणजे कॅनेडियन माणसं कमी होत गेली तसा बँड वर चढत गेला. शाळांच्या जत्रा झाल्या, मग हॉटेलांच्या हिरवळी, मग मोठ्या कंपन्यांचे वार्षिक कार्यक्रम. ऑगस्टमध्ये एसी बंद पडतो त्यावर ग्लेनने गाणं केलं होतं. ते आम्ही सनायातल्या माझ्या कंपनीच्या गोदामात रेकॉर्ड केलं आणि नेटवर टाकलं. एसीचा आवाज माईकमध्ये येतो म्हणून एसी बंद करून रेकॉर्ड केलं. त्यामुळे गाण्यातली तगमग खरी आहे. ते ग्लेनच्या मुलुखातल्या कुठल्याशा छोट्या रेडिओवर वाजलं. निवेदक म्हणाला, वाळवंटातला आपला स्वतंत्र कॅनेडियन बँड! स्वतंत्र म्हणजे काय, मी ग्लेनला विचारलं. तो म्हणाला, "म्हणजे कुठलीही कंपनी आपल्याला विचारत नाही."

आणि मग त्याच्या गावाहून बोलावणं आलं. तिथे उन्हाळ्यात माशांचा उत्सव असतो, बंदरावरच्या लिलावाच्या शेडमध्ये स्टेज बांधतात. यंदा तिथे स्नो शव्हल्सनी वाजवावं.

ग्लेनने ते दुखानच्या क्लबात वाचून दाखवलं आणि चष्मा काढून पुसत बसला. त्याची आई नव्वदीला टेकलेली, त्याच गावात वृद्धाश्रमात. इतकी वर्षं तो तिला फोनवर सांगायचा की आई, माझा बँड आहे, आणि ती म्हणायची, "बरं. नोकरी आहे ना?" तिला ते खरंच वाटत नसे. "तिच्यासमोर एकदा वाजवायचंय," तो म्हणाला. "याच लोकांबरोबर. एकदाच."

सगळे ओरडले, यल्ला! मी तर मनातल्या मनात स्वेटर घेतला. पण घोडं अडलं ते दोन ठिकाणी. धनाचा आणि रोझलीचा व्हिसा वेळेत आला नाही. कॅनडाच्या बँडला कॅनडात शिरता येईना! आणि त्याच सुमारास ग्लेनच्या कंपनीने त्याचं कॉन्ट्रॅक्ट वयामुळे पुढे वाढवलं नाही. म्हणजे जूनचा केक यंदा त्याच्या नावाचा. बँडमधला शेवटचा कॅनेडियन कॅनडाला निघाला, आणि बँड राहिला दोहात.

केक कापतानाही तोच विषय. बिनॉय म्हणाला, तिकडची दोन पोरं घे आणि वाजव. ग्लेनने मान हलवली. मी म्हटलं, आपलं रेकॉर्डिंग लाव आणि त्यावर बेस वाजव. त्यावर तो चिडला. "आईला कॅसेटच ऐकवायची असती तर पोस्टाने पाठवली असती मो. समोर जिवंत माणसं हवीत. चुकणारी."

तो गेला. त्याला सोडायला विमानतळावर आम्ही सगळे गेलो होतो, धना क्रेनच्या ड्यूटीवरून तसाच, हेल्मेट काखेत. दोघांनी हात मिळवले. "खलास?" धनाने विचारलं. ग्लेनने काखेतल्या हेल्मेटवर टिचकी मारली आणि आत गेला.

आम्ही इंटरनेटवरून प्रयत्न करून बघितला. ग्लेन तिकडे स्वयंपाकघरात बेस घेऊन, आम्ही इकडे गोदामात. आवाज समुद्र ओलांडून जातो, पण त्याला वेळ लागतो. आमच्या उपकरणांतून जाता-येता तर चांगला दमदार वेळ. धनाचा ठोका ग्लेनला उशिरा ऐकू येणार, त्यावर त्याने वाजवलेला बेस आम्हाला आणखी उशिरा. धना थांबून वाट बघायला लागला, ग्लेनला वाटलं गाणं संथ झालं, तो आणखी संथ झाला, धनाने वैतागून गाडी हाणली, आणि रोझली दोघांच्या मध्ये ओळ धरून उभी. तिसऱ्या मिनिटाला कोण कुठे आहे ते परमेश्वरालाही सांगता आलं नसतं. "लई बेकार," धना म्हणाला आणि काठ्या खाली टाकल्या. पलीकडे ग्लेनने बेस गळ्यातून काढून ओट्याला टेकवला. त्याचा चेहरा बघवत नव्हता.

त्या रात्री बायकोला फोन केला आणि सगळं रडगाणं सांगितलं. सुनंदा हसायला लागली.

"मगे, तुमचा आरतेक असाच होता नाय?"

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

आखातातल्या प्रत्येक मराठी माणसाला हे माहीत आहे. चतुर्थीला रजा मिळत नाही, मग घरच्या आरतीला आपण व्हिडिओ कॉलवर. पहिल्या वर्षी मी इकडे रूमवर आंघोळ करून, टिळा लावून, जोरजोरात टाळ्या वाजवत आरती म्हणालो. माझ्या टाळ्या तिकडे पोचायच्या अर्ध्या ओळीने मागे. घरात वीस माणसं, फोनमधून माझा ठणठणीत आवाज, आणि मी पडलो माईकवाला, माझा आवाज मोठाच. निम्मे देवासमोरच्या टाळाबरोबर, निम्मे माझ्याबरोबर. आरतीचा पार चिखल झाला. सुनंदा फोनजवळ येऊन म्हणाली, "तुमच्यो टाळयो मागसून येतत. आता गप ऱ्हवा बघू." तेव्हापासून ती फोनचा आवाज बंद करून ठेवते. त्यांची आरती मला ऐकू येते, मी त्यांच्याबरोबर बरोब्बर तालात म्हणतो, फक्त माझी कुणाला ऐकू येत नाही. सगळ्या गावाचे आवाज उचलणारा मी, घरात म्यूट.

तर उपाय हाच होता. गडबड होते ती दोघांनी एकमेकांचं ऐकल्यामुळे. एकाच बाजूने ऐकायचं. आम्ही दोहात पूर्ण गाणं वाजवायचं, बेस सोडून. ग्लेनला ते उशिरा पोचेल, पोचू दे. त्याने ते ऐकून त्यावर वाजवायचं. त्याच्या समोरच्या लोकांना आम्ही आणि तो एकदम, तालात ऐकू येणार. आमच्यासाठी मात्र ग्लेन बंद. त्याचा आवाज आम्हाला ऐकायचाच नाही.

"म्हणजे तो वाजवतोय का नाही ते आम्हाला कळणारच न्हाय?" धनाने विचारलं.

"नाही."

"आणि मधेच त्याचं नेट गेलं तर?"

"तर तू भिंतीसाठी वाजवतोयस."

रोझलीची मुलगी मनिलाला आजीकडे असते. ती म्हणाली, "कुया, मी रोज तिला असंच झोपवते. मी गाते. ती झोपली का नाही, ते नंतर कळतं."

उत्सवाचा दिवस शनिवार होता. त्यांची दुपार, आमची संध्याकाळ, मगरीबची, म्हणजे सूर्यास्ताची, अजान नुकती झालेली. बाहेर अशी उष्णता की दाराची कडी फडक्याने धरावी लागे. आत एसी बंद, कारण माईक. बिनॉयने पांढरा शर्ट घातला होता, दोन मिनिटांत तो अंगाला चिकटला. कॅमेरा मी शिडीवर बांधला होता. तिकडे शेडमध्ये पडद्यावर आम्ही दिसणार आणि पडद्यासमोर एकटा ग्लेन. सुरू करायच्या आधी मला एकदाच तिकडचं दृश्य दिसलं. बाकांवर जाकिटं घातलेली माणसं, मागे होड्या, आणि पहिल्या रांगेत चाकाच्या खुर्चीत, मांडीवर शाल घेतलेली एक बारीकशी म्हातारी. चेहऱ्यावर 'बघू काय दिवे लावतोय' असा भाव. मी मनात म्हटलं, हीच. मग तिकडचं चित्र आणि आवाज दोन्ही बंद केलं.

धनाने काठ्या वाजवून चार मोजले आणि आम्ही निघालो.

माझ्या आयुष्यात मी इतका घाबरून कधी मिक्सरवर बसलो नव्हतो. बेसची जागा रिकामी होती. गाणं होतं, पण त्याला तळ नव्हता. धनाला मागे ओढणारं कुणी नव्हतं, आणि मला धाकधूक होती की हा आता वरात काढणार. पण धना पळाला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो आपणहून मागे राहिला. डोळे मिटून, मान किंचित डावीकडे कलती, जिथे ग्लेन उभा असायचा तिकडे. जणू कान लावून बसला होता. घाम टोपीतून टपटपत होता. रोझलीने धुक्याचं गाणं घेतलं. माझा हात एकोकडे गेला आणि मी तिला थोडासा, ग्लेनला आवडायचा तेवढा, एको दिला.

गाण्यामागून गाणं. पलीकडून काही नाही. मधल्या गाण्याला बिनॉयने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, म्हणजे तो आहे ना? मला तरी काय माहीत! मी अंगठा वर केला. साउंडवाल्याचा अंगठा नेहमी वरच असतो.

शेवटचं गाणं एसीचं. शेवटचा ठोका धनाने दिला, झांजेवर हात ठेवून तिचा आवाज धरला, आणि गोदामात शांतता झाली. कुणी हललं नाही. मी तिकडून येणाऱ्या आवाजाचं बटण हळूच वर केलं.

आणि गाणं चालूच होतं.

आम्ही थांबलो होतो, चौघांचेही हात खाली होते, आणि स्पीकरमधून आमचंच गाणं येत होतं. त्याची शेवटची ओळ, रोझलीचा आवाज, धनाचे ठोके. कॅनडाला जाऊन परत येतानाचे. आणि त्या सगळ्याच्या खाली, मागे ओढणारा, निवांत, जाड तारांचा ग्लेन. होता! पहिल्यापासून होता. धनाने जिथे जिथे जागा सोडली, तिथे तिथे तो होता.

धना स्पीकरकडे बघत राहिला. "काका, हे कोण वाजवतंय?"

"आपणच रे," मी म्हटलं.

तिकडून शेवटचा ठोका आला. मग टाळ्या, शिट्ट्या, कुठल्यातरी बोटीचा भोंगा. मग माईकची खरखर. कुणीतरी तो चुकीचा पकडला होता, मला लगेच कळलं. ग्लेनने तो आईच्या तोंडाशी धरला होता. म्हातारी खणखणीत बोलली.

"अंगणात बर्फ होता, ग्लेन."

"हो आई."

मग नुसती खरखर. मला वाटलं नेट गेलं.

"पण हे छान वाजवतोस. आणि त्या लोकांना सांग, जरा पाणी प्या. सगळे घामाने निथळतायत."

रोझली हसत हसत रडत होती. बिनॉय तोंडाला रुमाल लावून भिंतीकडे तोंड करून उभा होता. धनाला मी मराठीत सांगितलं आई काय म्हणाली ते. तो उठला, कूलरवर गेला, खरंच ग्लासभर पाणी प्यायला, आणि रिकामा ग्लास कॅमेऱ्यासमोर उलटा करून दाखवला. मग मी एसी लावला.

ग्लेनची आई त्या हिवाळ्यात गेली. फावडं त्याच्याकडे आलंय, फोटो पाठवला होता. आम्ही अजून वाजवतो. बेसला नवा माणूस घेऊ म्हणून दोघांना ऐकलं, पण धनाला एकही पसंत पडला नाही. त्याचं म्हणणं, बेस घ्यायचाय तर कॅनडाहूनच. त्यामुळे महिन्यातून एकदा शनिवारी ग्लेन त्याच्या स्वयंपाकघरातून वाजवतो आणि आम्ही न ऐकता वाजवतो. पोस्टरवर अजूनही 'कॅनेडियन' लिहितात. लिहू देत.

एवढंच राहिलं. त्याच वर्षी चतुर्थीला मी सुनंदाला म्हटलं, नेहमीसारखा माझा आवाज बंद ठेव, पण आरती संपली की लगेच उघड. ती म्हणाली, कित्याक? मी म्हटलं, उघड तर.

मी इकडे रूमवर टाळ्या वाजवत म्हणत होतो. तिकडे त्यांची आरती आधी संपली होती, हे मला नंतर कळलं. सुनंदाने फोनचा आवाज वाढवला आणि सगळ्यांना हाताने गप्प केलं. माझी शेवटची ओळ तिकडे एकटीच पोचली. वीस माणसांनी ती उभं राहून ऐकली. मी इकडे 'मोरया' म्हटलं, आणि थोड्या वेळाने फोनमधून सगळं घर माझ्या मागून म्हणालं.